पाठमोरं हसू

सिनेमा चालू असताना पडद्याकडे पाठ करून बसणारी बाई त्या धंद्यात एकच होती. तिला सगळे मावशी म्हणत. कंपनीचे मालक म्हणत, माइकसमोर आवाज द्यायला येणारी पोरं म्हणत, आणि रेकॉर्डिंगच्या मशिनवर बसणारा कानसेन, जो तिच्यापेक्षा चांगला दोन वर्षांनी मोठा होता, तोही म्हणे. त्यानं पहिल्यांदा मावशी म्हटलं तेव्हा तिनं त्याच्याकडे असं पाहिलं होतं, की दुसऱ्या कुणी नोकरी सोडली असती. कानसेननं सोडली नाही. आता दोघांचेही केस पिकले होते आणि नातं पक्कं झालं होतं.

परदेशातून आलेल्या सिनेमांना आपल्या भाषेत बोलायला लावणं हे मावशीचं काम. तिकडचा नट जेवढा वेळ तोंड उघडतो तेवढ्यात मावेल आणि त्यानं तोंड मिटायच्या आत संपेल, असं वाक्य लिहायचं. शिवाय ते ऐकून इकडच्या माणसाला वाटलं पाहिजे, की हा आपल्याच गल्लीतला कुणीतरी बोलतोय. तीस वर्षांपूर्वी ती या स्टुडिओत टायपिंगला आली होती. दुसऱ्यांची वाक्यं टाइप करता करता तिला त्यातली खोट दिसायला लागली, आणि बाईला खोट दिसली की ती गप्प थोडीच बसते.

सिनेमा तयार झाला की ट्रायल असे. चाळीसेक माणसं फुकट बोलवायची. समोरच्या दवाखान्यातल्या नर्सा, खालच्या बँकेतले दोघंतिघं, शिवणक्लासच्या बायका, आणि न बोलवताही येणारी मावशीची धाकटी जाऊ. दिवे गेले की पडद्याखालच्या कोपऱ्यात स्टूल टाकून मावशी प्रेक्षकांकडे तोंड करून बसायची. नव्या माणसाला ते विचित्र वाटे. ती सांगायची, सिनेमा मला पाठ आहे, माणसं नाहीत. कुठल्या वाक्याला मान हलते, कुठे पर्सची चेन वाजते, कुठे पाय खुर्चीखाली चपला चाचपायला लागतात, हे पडद्याच्या उजेडात तिला लख्ख दिसे. दुसऱ्या दिवशी ती त्या त्या जागची वाक्यं बदलून टाकी.

या वेळची गोष्ट जरा वेगळी होती. आजवर दुसऱ्यांनी विकत आणलेल्या सिनेमांना तिनं वाचा दिली होती. हा सिनेमा तिनं स्वतः निवडला होता. मालकांच्या टेबलावर पडलेल्या पंधरावीस परदेशी सिनेमांतून तिनं तो उचलला, तीनदा पाहिला आणि जाऊन सांगितलं, हा घ्या. मालकांनी घेतला. त्यांनी तिचं एवढं ऐकण्याची ही पहिलीच वेळ, आणि ते तसं बोलूनही दाखवत. शुक्रवारी मोठी ट्रायल होती. सोळा थिएटरांचे मालक, ज्यांना धंद्यात सगळे सोळासाहेब म्हणत, ते स्वतः येणार होते. त्यांनी हो म्हटलं तर सिनेमा सोळा पडद्यांवर लागणार. नाही म्हटलं तर तो कपाटात जाणार आणि पुढचे सिनेमे पहिल्यासारखे मालकच निवडणार. मालक तसे सज्जन गृहस्थ, पण त्यांची निवड म्हणजे ज्याच्या पोस्टरवर स्फोट मोठा तो सिनेमा चांगला.

मावशीच्या सिनेमात स्फोट नव्हता. एक म्हातारा होता. लांबच लांब रस्ते आणि विरळ वस्तीच्या मुलखातला. त्याची मुलगी चार वर्षांनी घरी येते, आठ दिवस राहते, परत जाते. बस्स. चार वर्षांनी मुलगी अंगणात गाडीतून उतरते. म्हातारा घरातून बाहेर येतो, तिच्या शेजारून पुढे जातो आणि गाडीपाशी उकिडवा बसून एकेक टायर दाबून बघतो. ती आपल्याकडे पाठ करून उभी, तोही पाठमोरा. चारही टायर बघून होतात, तो हात पुसतो आणि घरात जातो. आठ दिवस असंच चालतं. शेवटी ती निघते, इंजिन चालू होतं, तेव्हा तो खिडकीपाशी वाकतो आणि म्हणतो, "पोचलीस की फोन कर." सिनेमा संपतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मावशी या वाक्याला अशी रडली होती, की तिच्या नवऱ्यानं आतून येऊन कोण गेलं म्हणून विचारलं.

पण ऑफिसात आवाज न बदलता, नुसत्या पडद्याखालच्या भाषांतराच्या पट्ट्यांवर सिनेमा दाखवला, तेव्हा टायरच्या जागेला मंडळी खो-खो हसली. हा बाप आहे का गॅरेजवाला, असं कुणीतरी म्हणालं आणि मग पूर्ण सिनेमाभर तो माणूस गॅरेजवालाच राहिला.

त्याच्यावर मावशीकडे औषध होतं. आख्ख्या धंद्यात तिचं नाव होतं ते या औषधासाठी. नट पाठमोरा असला की त्याचे ओठ दिसत नाहीत. ओठ दिसत नसले की त्याच्या तोंडी काहीही घालता येतं, कुणाचा बाप काही बोलू शकत नाही. तिकडच्या लोकांना न सांगता कळतं आणि इकडे कळत नाही, असं जे काही असेल ते मावशी पाठींवर लिहून टाकी. एका सिनेमातल्या दोन कुटुंबांचं पिढ्यानपिढ्यांचं वैर तिनं जिना चढणाऱ्या आजोबांच्या पाठीवरून अकरा सेकंदांत समजावून दिलं होतं. टायर बघणाऱ्या म्हाताऱ्याच्या पाठीवर तिनं एक वाक्य ठेवलं: "किती वाट बघायला लावलीस, पोरी." भरदार आवाजाचे एक जुने नट बोलावून ते म्हणून घेतलं. कानसेननं मशिनवरूनच दोन बोटं वर केली. म्हणजे काम फत्ते.

मंगळवारी छोटी ट्रायल झाली. टायरच्या जागेला कुणी हसलं नाही. बँकवाल्यांच्या माना हलल्या, एका नर्सनं दुसरीच्या हातावर हात ठेवला. मावशी स्टुलावर निवांत झाली. आणि मग शेवट आला. म्हातारा खिडकीपाशी वाकला, पोचलीस की फोन कर म्हणाला, आणि समोरच्या चाळीस माणसांचे पाय एकदम चपला शोधायला लागले. कुणीतरी छत्री उचलली. शिवणक्लासच्या एका बाईनं शेजारणीला किती वाजले विचारलं.

दिवे लागले. वाईट कुणीच काही बोललं नाही, त्यावरूनच मावशीनं काय ते ओळखलं.

मालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की शेवट मिळमिळीत आहे. त्याला खिडकीपाशी रडवा. चेहरा दिसतो तर लांबून दिसतो, ओठ कोण बघतंय. मागे व्हायोलिन टाका. शुक्रवारपर्यंत वेळ आहे. मावशी बघते म्हणाली. तिला राग आला होता, पण कुणाचा ते नक्की होत नव्हतं.

घरी जाताना धाकटी जाऊ बरोबर होती. ही जाऊ सिनेमात जेवढी बोलते त्याहून जास्त नंतर बोलते. बसमध्ये बसल्यापासून तिनं म्हाताऱ्याचा स्वेटर, मुलीचे केस आणि त्यांच्या घरातल्या परद्यांचा रंग असं एकेक घेतलं होतं. मावशीनं मध्येच विचारलं, की शेवटी तुला रडू का नाही आलं. तू तर जाहिरातीतही रडतेस.

जाऊ म्हणाली, "शेवटी कशाला रडायचं, ताई? पोरीवर किती जीव आहे ते त्यानं दारातच सांगून टाकलं की. मग राहिलं काय? फोन कर तर आमचे हेही म्हणतात मला, भाजी आणायला गेले तरी."

मावशीनं तोंड खिडकीकडे फिरवलं. जाऊला वाटलं, हिला राग आला. राग आला होताच, आणि आता कुणाचा तेही कळलं होतं. म्हाताऱ्याजवळ सिनेमाभर मिळून मायेचं एकच वाक्य होतं. ते त्यानं आठ दिवस दाबून धरलं होतं. मावशीनं ते पहिल्या अर्ध्या तासातच त्याच्या खिशातून काढून वाटून टाकलं.

बुधवारी सकाळी ती मालकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, की शेवट बरोबर आहे, माझं वाक्य चुकलं. मालकांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. तीस वर्षांत हे तिच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकत होते आणि त्यांना तो प्रसंग नीट बघायचा होता. वाक्य काढलं तर लोक परत गॅरेजवाला म्हणून हसतील, त्याचं काय, असं त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली, ते मला माहीत नाही. ज्यांचा सिनेमा आहे त्यांना विचारते.

त्या सिनेमाची दिग्दर्शिका सत्तरीची होती. दुपारी तीन वाजता कॉम्प्युटरवर तिचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. जाड चष्मा, समोर पेअरची टोपली, हातात सुरी. बोलता बोलता ती फळं सोलत होती. मधल्या चौकोनात दुभाषी होता, इस्त्रीच्या शर्टातला, फार सभ्य. मावशीनं कशाला आडपडदा ठेवायचा म्हणून सरळ सांगितलं, की तुमच्या म्हाताऱ्याच्या पाठीवर मी एक वाक्य घातलं होतं, आता काढतेय. दुभाषी क्षणभर अडखळला. करारात असं काही घालायची परवानगी नव्हती, हे त्यालाही ठाऊक असणार. मग त्यानं सांगितलं. तिकडची सुरी थांबली.

कुठलं वाक्य, असं तिनं विचारलं. मावशीनं सांगितलं. दुभाष्यानं तिच्या भाषेत केलं. बाईनं सुरी टोपलीत ठेवली. मग बोलली, आणि दुभाष्यानं तेवढ्याच हळू सांगितलं: "माझ्या बापानं हे वाक्य म्हटलं असतं, तर मला हा सिनेमा काढावाच लागला नसता."

मावशीनं समोरच्या कागदावरचं ते वाक्य खोडलं.

मग दोघी कामाला लागल्या. दिग्दर्शिका म्हणाली, की आमच्याकडे रस्ते लांबचे, थंडी वाईट. कुणी आलं की आधी त्याची गाडी बघायची. सगळे बघतात, त्यामुळे ते समजावून द्यायला लागेल असं मला कधी वाटलंच नाही. मावशी म्हणाली, आमचे लोक म्हाताऱ्याला हसतात, कारण त्या क्षणी मुलीला काय वाटतंय ते त्यांना दिसत नाही. तिला ते अपमानाचं वाटलं, की सवयीचं वाटलं, की बरं वाटलं? ती तर पाठमोरी.

"ती हसते आहे," दिग्दर्शिका म्हणाली. "मीच हसायला सांगितलं होतं. त्या दिवशी वारा फार होता, आवाज आलाच नाही. मी म्हटलं, राहू दे. खांदे बघा ना तिचे."

खांदे. मावशीनं लगेच ती जागा लावून बघितली. मुलीचे खांदे दोनदा हलले. फार नाही, उचकी लागल्यावर हलावेत तेवढे. हा सिनेमा तिनं किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नव्हती. पण तीस वर्षं ती ओठ बघत आली होती. जिथे ओठ नाहीत ती जागा रिकामी, आपल्या मालकीची, असा तिचा खाक्या. पाठही काही बोलत असेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

तिनं विचारलं, की ते हसू ऐकू येईल असं केलं तर चालेल का. शब्द एकही नाही. दिग्दर्शिकेनं सोललेल्या पेअरची एक फोड तोंडात टाकली आणि मान हलवली. दुभाष्याला काही सांगावंच लागलं नाही.

गुरुवारी हसू रेकॉर्ड करायचं होतं. मुलीचा आवाज देणारी पोरगी चांगली होती, पण पाच वर्षं कार्टूनमधल्या चिमणीचं काम करत होती, त्यामुळे तिचं नावच चिमणी पडलं होतं. ती हसली की चिमणीच हसायची. मावशीनं सांगितलं, जरा खालच्या सुरात ये. मग ते हसू खलनायिकेचं झालं. लाजरं नको म्हटलं तर कुत्सित व्हायचं, कुत्सित नको म्हटलं तर दात घासल्यासारखं. बावीस वेळा झालं. कानसेननं कानावरचे हेडफोन उतरवून ठेवले, म्हणजे आता त्यालाही सोसत नव्हतं. चिमणी रडकुंडीला आली. म्हणाली, मावशी, तुम्ही वाक्य द्या ना, मी वाक्य छान म्हणते.

मावशीनं तिला पाणी दिलं, माइकसमोरच्या खुर्चीत बसवलं आणि इकडचं तिकडचं काढलं. गावाला जातेस का घरी, म्हणून विचारलं. जाते की, चिमणी म्हणाली, दोनतीन महिन्यांनी. मग मावशीनं विचारलं, की दारात गेल्यावर बाबा पहिल्यांदा काय म्हणतात.

"म्हणत काहीच नाहीत," चिमणी म्हणाली. "हातातला फोन काढून घेतात. कशी आहेस नाही, काही नाही. बॅटरी बघतात. आणि म्हणतात, अठरा टक्के. जसे काही मला गणितात पडलेत. मग जाऊन चार्जिंगला लावतात."

आणि ती हसली. नाकातून सुटलेलं, अर्ध्यात थांबलेलं हसू. हा माणूस काही सुधारायचा नाही, असं म्हणणारं, आणि सुधारूही नये असं म्हणणारं. मावशीनं वळून काचेपलीकडे पाहिलं. हेडफोन केव्हाच परत कानावर चढले होते आणि कानसेनची दोन बोटं वर होती. माइक त्यानं बंद केलाच नव्हता.

हसू खांद्यांपेक्षा चिमूटभर लांब निघालं. कानसेननं शेपटाकडून थोडं कापलं, त्यावर वाऱ्याचा आवाज चढवला. दिसायला एवढंसं काम, दोघांची आख्खी दुपार गेली. मालक डोकावून विचारून गेले, की व्हायोलिनचं काय झालं. मावशी म्हणाली, वादक आजारी आहे. वादक कुणी बोलावलाच नव्हता.

शुक्रवारी साडेचारला सोळासाहेब आले. बारीक, टापटीप, हातात रुमाल. त्यांनी मधल्या रांगेतली कडेची खुर्ची धरली. मागे नर्सा, शिवणक्लास, बँक, जाऊ. अगदी शेवटच्या रांगेत चिमणी ओढणीचं टोक चघळत बसली होती. दिवे गेले. मावशी स्टुलावर बसली आणि समोरच्या चेहऱ्यांवर नजर फिरवायला लागली, तर सोळासाहेबांपाशी ती अडकली. ते पडद्याकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

तिला आधी वाटलं, चुकून नजर गेली असेल. पुन्हा पाहिलं तरी तेच. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसानं तिच्याबद्दल ऐकलं असणार. प्रेक्षकाला काय वाटतं ते या बाईला कळतं, तर सिनेमा बघायची गरजच काय, या बाईचा चेहरा बघावा. सोळा थिएटरं माणसाकडे उगाच होत नाहीत. मावशीला आतून हसूही आलं आणि घामही फुटला. आता मान हलवायची सोय नव्हती, भुवई वर करायची सोय नव्हती. तिनं बँकेच्या खिडकीतल्या बाईसारखा चेहरा केला आणि तो तसाच ठेवला.

टायरची जागा आली. पाठीमागे पडद्यावर गाडीचं दार लागलेलं तिनं ऐकलं, मग पावलं, मग वारा. बँकेतल्या एकाचे ओठ हसायला फाकलेच होते. तेवढ्यात ते नाकातलं, अर्धवट हसू आलं आणि त्या माणसाचं हसू तोंडावरच बदललं. तो म्हाताऱ्याला हसणार होता, तो मुलीबरोबर हसला. रांगेरांगेतून तसंच काहीतरी सरकत गेलं. शिवणक्लासच्या बाईनं शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं, शेजारणीनं जोरजोरात मान हलवली. त्यांच्यापैकी कुणाचा बाप टायर बघत नसणार. पण काही ना काही बघत असणारच. हे सगळं मावशीनं पाहिलं आणि बँकेच्या खिडकीतला चेहरा हलू दिला नाही, कारण रुमालवाले साहेब टक लावून बसले होते.

ते पाऊण तास बसले, तास बसले. मध्ये एकदा त्यांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. सिनेमातले दिवस सरत गेले. म्हाताऱ्यानं मुलीच्या खोलीतला दिवा बदलला, तिच्या बॅगेचं चाक दुरुस्त केलं, एक शब्द बोलला नाही. जाऊसुद्धा बोलत नव्हती. हे फारच मोठं लक्षण होतं, पण त्याचा आनंद चेहऱ्यावर आणायची चोरी.

मग इंजिनाचा आवाज आला. पडद्यावर संध्याकाळ झाली, त्यामुळे समोरचे चेहरे अंधुक होत गेले. मावशीनं डोळे बारीक केले. सोळासाहेबांच्या चष्म्याच्या काचा तेवढ्या दिसत होत्या, दोन फिकट चौकोन. आणि त्या चौकोनांत तिला गाडी दिसली. एवढीशी, उलटी, दिवे लावलेली. म्हणजे ते तिच्याकडे बघायचे थांबले होते.

"पोचलीस की फोन कर," तिच्या पाठीमागे म्हातारा म्हणाला.

समोर कुणी हललं नाही. एकाही चपलेचा आवाज नाही. पडदा काळा झाला, नावं वर सरकायला लागली, तरी नाही. मग कुणीतरी मोठ्यानं नाक शिंकरलं. ती जाऊ होती, हे पाहायची गरज नव्हती.

दिवे लागल्यावर सोळासाहेबांनी रुमालाची घडी परत घातली, दोनदा घातली, आणि मालकांना ओलांडून थेट स्टुलापाशी आले. म्हणाले, दुपारचा खेळ देतो, सोळाही ठिकाणी. मावशी उठली नाही. ती म्हणाली, दुपारचा नको, संध्याकाळी सहाचा द्या. हा सिनेमा बापलेकींनी एकत्र बघायचा आहे आणि दुपारी दोघंही कामावर असतात. मालकांनी मागून खोकून तिला खूण केली. तिनं लक्ष दिलं नाही. सोळासाहेबांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, पण आता ते चेहरा वाचत नव्हते, वेळापत्रक मनात हलवत होते.

"सहाचा देतो," ते म्हणाले. मग आवाज खाली आणला. "एक विचारू? सुरुवातीला मी तुमच्याकडेच बघत होतो. ती पोरगी घरी आली तेव्हा म्हाताऱ्यानं काय केलं? सगळे हसले तिथे."

मावशीनं स्टूल उचलून भिंतीला लावलं.

"तिकीट काढून बघा," ती म्हणाली.